सर्जरीची टर्म: चाकू हातात यायच्या आधीचा इतिहास

मंडळी, घरातल्या एमबीबीएसच्या मुलाची किंवा मुलीची सर्जरीची टर्म लागली की एक प्रश्न ठरलेला असतो. "मग, आता ऑपरेशन करायला लागलास का?" आत्या विचारते, शेजारचे काका विचारतात, गावाकडनं आजीचा फोन आला की तीही विचारते. पोरगं कसनुसं हसतं. कारण त्या दिवशी त्यानं केलेलं असतं ते एवढंच: सकाळी वॉर्डात एका आजोबांची हर्नियाची सगळी कहाणी लिहून घेतली, सरांसमोर ती सांगताना दोनदा अडखळलं, आणि ओटीत भिंतीला पाठ लावून तीन तास उभं राहिलं. चाकू लांबूनच बघितला.

हे असंच असतं आणि असंच असायला हवं. पण ते असं का झालं, याला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात एक हिशेबही आहे, जो आपण सगळे मिळून अजून फेडतोय. आज त्याबद्दल. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा एक अख्खा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. ग्रंथ वाचून पाठ झालेल्या शिष्यानंही हाताचा सराव केल्याशिवाय शस्त्रकर्माला हात घालू नये, असा त्याचा रोख. मग सराव कशावर? चिरण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर. पाणी भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर भेदायचं, केसाळ कातड्यावर खरवडायचं, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर शीर तोडायला शिकायचं. पट्टी बांधायची ती माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आज मेडिकल कॉलेजांच्या स्किल्स लॅबमध्ये पोरं रबरी कातडीवर टाके घालायला शिकतात, त्यामागचा विचार तोच आहे: शिकाऊ हाताची पहिली चूक जिवंत माणसाच्या अंगावर होऊ नये.

पण भोपळा कण्हत नाही. भोपळ्याला शुगर नसते, भीती नसते, घरी वाट बघणारी लेकरं नसतात. कधी ना कधी शिकणाऱ्याला खऱ्या माणसापाशी यावंच लागतं. आणि तिथंच खरा प्रश्न उभा राहतो: तो माणूस कोण?

लंडनमध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलचं १८२२ सालचं एक ऑपरेशन थिएटर आजही जपून ठेवलंय. चर्चच्या माळ्यावर, लाकडी, मधोमध टेबल आणि भोवती अर्धगोलात चढत्या पायऱ्या. 'थिएटर' हा शब्द तिथला. पायऱ्यांवर विद्यार्थी दाटीवाटीनं उभे राहून बघायचे. भूल देणं तेव्हा माहीत नव्हतं. टेबलावर असायच्या त्या गरीब घरच्या बायका, कारण हे बायकांच्या वॉर्डाचं थिएटर होतं. पैसेवाल्यांची ऑपरेशनं त्यांच्या घरीच व्हायची, तिथं बघे नसायचे. म्हणजे व्यवहार उघड होता: तुला फुकट उपचार मिळतील, बदल्यात तुझ्या शरीरावर ही पोरं शिकतील. फक्त हा व्यवहार टेबलावरच्या बाईला कुणी नीट समजावून सांगितला होता का, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

त्या काळात सर्जनच्या हाताखालच्या विद्यार्थ्याला 'ड्रेसर' म्हणायचे. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, ऑपरेशनच्या वेळी पेशंटला धरून ठेवणं ही त्याची कामं. इंग्रजी कवी जॉन कीट्स १८१६ मध्ये लंडनच्याच गायज् हॉस्पिटलात ड्रेसर होता. ज्या सर्जनच्या हाताखाली तो पडला, त्याची ख्याती हात जड असल्याची. कीट्सनं औषधांची परीक्षा पास केली, परवाना मिळवला आणि पुढं हा धंदाच सोडला. सर्जरीच्या टर्ममध्ये 'हे माझं काम नव्हे' असं कुणाला वाटलं, तर तो पहिलाच नाही एवढं त्यानं लक्षात ठेवावं.

फिजिशियनच्या वॉर्डातल्या विद्यार्थ्याला म्हणायचे 'क्लार्क'. म्हणजे आपला कारकूनच. पेशंटची हकीकत लिहिणं, रोजची नोंद ठेवणं हे त्याचं काम. आज जगभर 'क्लार्कशिप' म्हणतात तो शब्द या कारकुनीतनं आला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १८९० च्या दशकात विल्यम ऑस्लरनं या पद्धतीवरच शिक्षण उभं केलं. विद्यार्थी फक्त व्याख्यानाच्या बाकावर बसणार नाही, वॉर्डात त्याच्या नावावर पेशंट असतील आणि त्यांची जबाबदारी तो घेईल. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात 'लर्नर-डॉक्टर' नावाची जी पद्धत आहे, ती हीच. पेशंट भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत विद्यार्थ्यानं त्याच्या मागं राहायचं. म्हणजे सर्जन व्हायच्या आधी चांगला कारकून व्हावं लागतं.

आता मुंबईकडे येऊ. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावानं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतनं जे.जे. हॉस्पिटल उभं राहिलं. कॉलेज आणि हॉस्पिटल शेजारीशेजारी, हे महत्त्वाचं. पहिल्या तुकडीची पोरं शिकायला लागली, तेव्हा ईथर देऊन केलेलं बोस्टनचं ते गाजलेलं ऑपरेशन व्हायचं होतं, ते झालं ऑक्टोबर १८४६ मध्ये. जंतू मारून ऑपरेशन करायची लिस्टरची पद्धत तर १८६७ ची. म्हणजे त्या पोरांनी सर्जरी बघायला सुरुवात केली ती आरडाओरड्यात. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या नावाचं म्युझियम आपण बघतो, पण ते मुळात डॉक्टर, हे किती जणांना आठवतं? १८८३ पासून ग्रँटमध्ये मुलींनाही प्रवेश मिळायला लागला.

पण शिकणारे आपले आणि शिकवणारे साहेब, असं बरीच वर्षं चाललं. मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना. म्हणून १९२६ साली परळला केईएम हॉस्पिटल आणि जी.एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टनं पैसे देताना एक अट घातली: शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. पहिले डीन जीवराज मेहता, जे पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गिरणगावातला कामगार पेशंट, महापालिकेचं हॉस्पिटल आणि आपलेच शिक्षक. मुंबईच्या सर्जरीचं नाव ज्या वॉर्डांतनं झालं, ते वॉर्ड कामगारांनी भरलेले होते, हे विसरून चालणार नाही.

आणि आपलं मिरज? इथला इतिहासही कमी नाही. कॅनडातनं आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं आणि १८९७ मध्ये त्याला जोडून मेडिकल स्कूल. वॉनलेस स्वतः नावाजलेले सर्जन. त्यांनी ओळखलं होतं की एकट्याच्या हातानं हे भागणार नाही, इथलेच हात तयार करावे लागतील. वानलेसवाडीच्या स्टॉपवर बसची वाट बघताना हे नाव आपण रोज वाचतो, त्यामागं ही गोष्ट आहे. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा सुरुवातीला पोरांचं वॉर्डातलं शिक्षण मिशन हॉस्पिटलात आणि सांगलीच्या सिव्हिलला व्हायचं. सीमेपलीकडच्या कर्नाटकातनं येणारा शेतकरी, ऊसतोडणीला आलेली बाई, हमाल, विडी कामगार: यांच्या खाटेशी उभं राहून इथं पोरं डॉक्टर झाली.

आता ज्यांची टर्म सुरू होतेय, त्यांच्यासाठी सरळ सांगतो काय काय होईल ते.

तुम्हाला एक युनिट मिळेल. वर युनिटचे हेड, मग असोसिएट आणि असिस्टंट प्रोफेसर, मग रेसिडेंट थर्ड इयर, सेकंड इयर, फर्स्ट इयर, मग इंटर्न आणि सगळ्यात खाली तुम्ही. आठवड्यातला एक दिवस ओपीडीचा, एक-दोन ओटीचे, एक इमर्जन्सीचा. हे दिवस पहिल्याच दिवशी लिहून घ्या. सिस्टर, मामा आणि मावशी यांची नावंही पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. ड्रेसिंगचं सामान कुठंय, कुठल्या आजींना कालपासून लघवी झालेली नाही आणि कुठले काका रात्री चोरून वडापाव खाऊन आलेत, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

वॉर्डात तुमच्या वाट्याला हर्निया, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा, स्तनातली गाठ, थायरॉइड, न भरणारी जखम, मधुमेहानं काळा पडलेला पाय असे पेशंट येतील. ह्याच परीक्षेतल्या लाँग आणि शॉर्ट केसेस. आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात लावायचा. हा क्रम मोडलात की राउंडला बोलणी बसतीलच, पण खरं कारण वेगळं आहे. दुखरी जागा आधीच दाबलीत तर पेशंट पोट आवळून घेतो आणि मग कुणालाच काही कळत नाही. हात आधी एकमेकांवर चोळून गरम करा. पोट तपासताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा. दुखलं की ते आधी चेहऱ्यावर उमटतं.

राउंडला प्रश्न विचारले जातील, चारचौघांत. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही सर, वाचून सांगतो" म्हणा आणि खरंच वाचून सांगा. न तपासता 'तपासलं, नॉर्मल आहे' म्हणू नका. सर्जरीत अज्ञान खपतं, थाप खपत नाही. तुमच्या थापेवर कुणीतरी निर्णय घेऊ शकतं.

ओटीच्या दिवशी नाश्ता करून जा. उपाशीपोटी गरम दिव्याखाली दोन तास उभं राहिलं की भल्याभल्यांना चक्कर येते. घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली तर लाजू नका, सांगा आणि मागं सरून खाली बसा. टेबलावर पडण्यापेक्षा ते बरं. हात कोपरापर्यंत धुवायचे, मग ते वर धरून आत जायचं आणि निर्जंतुक कापडाशिवाय कशालाही स्पर्श करायचा नाही. चुकून लागला तर लगेच बोलायचं. पुन्हा हात धुवायला दहा मिनिटं जातील, पण पेशंटची जखम चिघळली तर महिना जाईल. नशीब असेल तर रिट्रॅक्टर धरायला मिळेल. कंटाळवाणं काम वाटतं, पण पोटाच्या आतलं खरं चित्र तिथूनच दिसतं. वापरलेली सुई बोटाला लागली तर दडवू नका. साबण-पाण्यानं धुवा, लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं चांगलं. हिपॅटायटिस बीची लस टर्मच्या आधीच घेतलेली असावी.

एकदा तरी इमर्जन्सीच्या रात्री थांबा. ट्रॉलीखाली आलेला पाय, भाजलेली सून, फुटलेलं अपेंडिक्स. पुस्तकातला आजार सकाळी वॉर्डात नीट झोपलेला असतो, तो खरा कसा येतो ते रात्री दिसतं.

आता त्या हिशेबाबद्दल.

वैद्यकीय शिक्षणाचा पहिलाच धडा ज्या देहावर गिरवला जातो, तो देह देहदानातनं आलेला असतो किंवा १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानं मिळालेला बेवारस. पुढं वॉर्डात भेटतो तो सरकारी खाटेवरचा पेशंट, ज्याला खाजगीत जाणं परवडत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवणारा गरीबच. लंडनच्या त्या माळ्यावरच्या थिएटरपासून हे बदललेलं नाही. बदलली पाहिजे ती वागणूक.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पडदा ओढा. नाव सांगा. "मी विद्यार्थी आहे, तपासू का?" असं विचारा. पेशंट नाही म्हणाला तर 'बरं' म्हणून पुढच्या खाटेकडे जा. स्त्री पेशंटला तपासताना सिस्टर सोबत हवीच. 'तीन नंबरचा हर्निया' असं म्हणू नका, त्या माणसाला नाव आहे. संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय: काय करणार, का करणार, धोके काय, हे कळलं पाहिजे. भूल दिलेल्या पेशंटची नाजूक तपासणी विद्यार्थ्यांनी करायची असेल, तर आधी लेखी संमती हवी, असं अमेरिकेच्या सरकारला २०२४ मध्ये रुग्णालयांना बजावावं लागलं. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, आणि जुनाही झालेला नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ओटीत सगळ्यात ज्युनियर माणसानं तोंड उघडावं का? २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी एक तपासयादी काढली. ते काम ज्यांच्या पुढाकारानं झालं ते सर्जन अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. यादी साधी आहे: पेशंट तोच का, बाजू तीच का, सगळ्यांनी आपली नावं सांगितली का, गॉज आणि सुया मोजल्या का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीचंही एक होतं. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नाव सांगायला लावण्यामागं हेतू हाच, की एकदा तोंड उघडलेला माणूस पुढं चूक दिसली तर बोलायला कचरत नाही. कोपऱ्यातल्या विद्यार्थ्याला गॉज एक कमी दिसला तर त्यानं बोलावं. त्याची त्याला तिथं मुभा असली पाहिजे.

तिसरी गोष्ट तासांची. बाल्टिमोरच्याच विल्यम हॉल्स्टेडनं सर्जरीची 'रेसिडेन्सी' घडवली. शिकाऊ सर्जन हॉस्पिटलातच राहायचे, म्हणून रेसिडेंट. रबरी हातमोजे रूढ करणारा हा माणूस स्वतः कोकेनच्या व्यसनात अडकलेला होता. त्याच्या पद्धतीतली शिस्त जगानं घेतली, आणि न झोपण्याची बढाईही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी हॉस्पिटलात गेली, तेव्हा थकलेल्या रेसिडेंटांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००३ पासून अमेरिकाभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे १९९२ च्या केंद्राच्या योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग ड्यूटी साधारण १२ तास असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, बरं का. कुठल्याही सरकारी हॉस्पिटलातल्या रेसिडेंटला विचारा, काल किती झोपलास. तुमच्यावर खेकसणारा फर्स्ट इयरचा रेसिडेंट बहुतेक वेळा वाईट नसतो, झोपलेला नसतो. पण त्याचं खेकसणं ही परंपरा म्हणून पुढं न्यायची काही गरज नाही.

आणि शेवटी आपल्या सगळ्यांचा मुद्दा. देशात २०१४ साली एमबीबीएसच्या जागा साधारण ५१ हजार होत्या. दहा वर्षांत त्या एक लाखाच्या पुढं गेल्या. चांगली गोष्ट आहे, डॉक्टर हवेतच. पण इमारत बांधता येते, बोर्ड लावता येतो, भरलेला वॉर्ड कुठून आणणार? २०२५ मध्ये सीबीआयनं मेडिकल कॉलेजांच्या मान्यतेतल्या लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला. आरोपांत काय होतं? कागदोपत्री प्राध्यापक, आणि तपासणीच्या दिवशी खाटेवर आणून झोपवलेले खोटे पेशंट. थोडा विचार करा. सुश्रुताच्या काळात सरावासाठी भोपळा ठेवायचे आणि त्याला भोपळाच म्हणायचे. इथं खाटेवर धडधाकट माणूस ठेवून त्याला पेशंट म्हणायचं. ज्यानं हर्निया तपासलाच नाही, फुटलेलं अपेंडिक्स रात्री बघितलंच नाही, तो उद्या आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकटा ड्यूटीवर असेल. पोट दुखतंय म्हणून तुमचं-आमचं माणूस त्याच्यासमोर असेल.

म्हणून सिव्हिल हॉस्पिटलात औषध नाही, सर्जनची जागा रिकामी आहे, मशीन बंद आहे, अशी बातमी आली की ती फक्त गरिबांची बातमी समजू नका. पेशंट तिथनं परत फिरला की शिकणाऱ्याचं पुस्तकही परत फिरतं.

आणि तुम्ही स्वतः कधी सरकारी वॉर्डात असाल, एखादी घाबरलेली पोरगी वही घेऊन येऊन "मी स्टुडंट आहे, दोन मिनिटं बोलू का" म्हणाली, तर जमत असेल तर बोला. नाही जमलं तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण हो म्हणालात, तर त्या दोन मिनिटांत तुम्ही शिक्षक असता, आणि तिनं तुमच्याशी तसंच वागलं पाहिजे.

मिरज-सांगलीला ज्यांच्या सर्जरीच्या टर्म झाल्या आहेत, त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा: कुठल्या पेशंटनं तुम्हाला काय शिकवलं? पेशंटचं नाव-गाव तेवढं लिहू नका.